व्हीआर हेडसेटच्या आत नक्की काय चालतं?

विभाग: विज्ञान-तंत्रज्ञान
धागाकर्ता: आडवाटेचा

डोळ्यांवर डबा बांधायचा आणि आत थ्रीडी सिनेमा बघायचा, म्हणजे व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी, आभासी जग), असा बऱ्याच जणांचा समज असतो. मी या क्षेत्रात सॉफ्टवेअर लिहितो. नातेवाईक, शेजारी, जुने मित्र, सगळे एकच विचारतात, की घरच्या मोठ्या टीव्हीत आणि यात एवढा फरक काय? त्याचं नीट उत्तर एकदा सविस्तर लिहावं म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं आधीच मांडतो. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणं हा यातला सोपा भाग, आणि फार जुनाही. अवघड आहे ते हे, की तुम्ही मान वळवलीत की चित्राने त्याच क्षणी, बरोबर तेवढंच, उलट्या दिशेला सरकायला हवं. हे साधलं की मेंदू समोरचं जग खरं धरून चालतो. नाही साधलं तर पोटात ढवळायला लागतं.

सोपा भाग किती जुना आहे बघा. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली रॉयल सोसायटीपुढे आपला स्टिरिओस्कोप मांडला. दोन आरसे तिरके बसवलेले, दोन बाजूंना दोन चित्रं, प्रत्येक डोळ्याला आपापलं चित्र दिसणार आणि मेंदू ती जुळवून खोली तयार करणार. फोटोग्राफीची जाहीर घोषणा व्हायला अजून वर्ष होतं, त्यामुळे त्याने रेघांनी काढलेल्या आकृत्या वापरल्या होत्या. नुसत्या रेघांमधूनसुद्धा वस्तू उठून दिसायची.

अवघड भागाला हात घातला तो आयव्हन सदरलँड या संगणकशास्त्रज्ञाने, हार्वर्डमध्ये, १९६८ साली. त्याच्या यंत्रात डोक्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या पिक्चर ट्यूब होत्या आणि छतापासून खाली एक दांडा येऊन टोपीला जोडलेला होता. तुम्ही डोकं फिरवलं की दांडा फिरायचा, त्याच्या सांध्यांतून किती अंश फिरलं ते मोजलं जायचं आणि कॉम्प्युटर त्याप्रमाणे चित्र नव्याने काढायचा. दिसायचं काय, तर समोरच्या खऱ्या खोलीत तरंगणारा, रेघांचा एक ठोकळा. पण त्याच्या भोवती फिरलं की त्याची दुसरी बाजू दिसायची! सदरलँडने आपल्या शोधनिबंधात स्पष्ट लिहून ठेवलंय, की दोन डोळ्यांना दोन चित्रं देणं महत्त्वाचं खरं, पण डोकं हलल्यावर चित्रात होणारा बदल त्याहून महत्त्वाचा. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच.

ज्यांनी ते मनावर घेतलं नाही त्यांची उत्पादनं टिकली नाहीत. निन्टेंडोचा व्हर्च्युअल बॉय १९९५ साली आला. प्रत्येक डोळ्याला स्वतंत्र चित्र होतं, खोलीही चांगली दिसायची. पण चित्र फक्त लाल आणि काळं, यंत्र टेबलावर स्टँडवर ठेवलेलं, आणि डोक्याचा मागोवा शून्य. मान वळवायची सोयच नाही. वर्षभरात तो बंद झाला.

आता आजच्या हेडसेटकडे येऊ. डोकं कुठे वळलंय हे कळायला आत जायरोस्कोप असतो, आपल्या फोनमध्ये असतो त्याच जातीचा. तो सेकंदाला हजारेक वेळा सांगतो की वळण्याचा वेग किती आहे. सोबत ॲक्सेलरोमीटर असतो, त्याला गुरुत्वाकर्षणामुळे 'खाली' कुठे ते कळतं, म्हणून मान पुढे-मागे किंवा बाजूला किती कलली याची चूक सुधारता येते.

पण तुम्ही एक पाऊल पुढे टाकलंत, खाली वाकलात, हे कसं कळणार? त्वरणावरून वेग काढायचा, वेगावरून अंतर काढायचं, हे कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात मोजमापातली बारीकशी चूक दोनदा बेरजेत जाते आणि काही सेकंदांत हेडसेटला वाटू लागतं की तुम्ही भिंतीपलीकडे पोचलात. डोळे मिटून स्वतःच्याच घरात फक्त पावलं मोजत चाललो तर जसा अंदाज चुकत जातो, तसंच हे. अधूनमधून डोळे उघडून खूण पाहावीच लागते.

ती खूण पाहण्याचे दोन प्रकार आहेत. २०१६ च्या एचटीसी व्हाइव्हमध्ये खोलीच्या वरच्या कोपऱ्यांत दोन डब्या लावायच्या. आत फिरतं चक्र, सेकंदाला ६० फेऱ्या, त्यातून अवरक्त लेसरची रेघ खोलीभर झाडू मारल्यासारखी फिरते. आधी एक लखलखाट होतो, तिथून हेडसेटवरचे प्रकाशसंवेदक वेळ मोजायला लागतात आणि रेघ अंगावरून गेली की थांबतात. एक फेरी १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे एक अंश सरकायला साधारण ४६ मायक्रोसेकंद. किती वेळ लागला त्यावरून कोन कळला, आणि अनेक संवेदकांचे कोन कळले की डोकं नेमकं कुठे आहे ते गणिताने निघतं. ही योजना मला आजही अतिशय सुंदर वाटते.

दुसरा प्रकार फेसबुकच्या (आताच्या मेटाच्या) २०१९ च्या क्वेस्ट हेडसेटपासून घरोघरी पोचला. हेडसेटवरच चार कॅमेरे. ते खोलीतले कोपरे, चौकटी, कपाटाच्या कडा अशा खुणा टिपतात आणि त्या खुणा कशा सरकल्या त्यावरून तुम्ही कसे सरकलात ते काढतात. म्हणून अंधाऱ्या खोलीत किंवा एकदम कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर तो गोंधळतो.

आणि मग वेळेचा हिशोब. सहज मागे वळून बघताना मान सेकंदाला १०० अंशांचा वेग गाठते. मान हलल्यापासून चित्र बदलेपर्यंत ५० मिलिसेकंद लागले तर चित्र ५ अंश मागे पडलेलं असतं. हात लांब करून मधली तीन बोटं जोडून धरा, जेवढं झाकलं जाईल तेवढं. २० मिलिसेकंदांच्या आत आलं की बहुतेकांना उशीर जाणवत नाही. एवढ्याशा वेळात संवेदक वाचायचे, दोन डोळ्यांसाठी दोन वेगळी दृश्यं काढायची, पडद्यावर पाठवायची. क्वेस्ट २ घेतला तर एका डोळ्याला १८३२ गुणिले १९२० ठिपके, दोन डोळे, सेकंदाला ९० चित्रं. सेकंदाला ६३ कोटींच्या वर ठिपके झाले, आणि तेही फोनच्या ताकदीच्या चिपवर.

हे जमवायला दोन युक्त्या आहेत. पहिली म्हणजे अंदाज: डोक्याला वजन आहे, ते एकदम थांबू शकत नाही, म्हणून चित्र दिसेल त्या क्षणी ते कुठे असेल हे आधीच काढायचं. दुसरी टाइमवॉर्प: चित्र काढून झालं तरी पडद्यावर जाण्याच्या अगदी आधी मान पुन्हा एकदा वाचायची आणि तयार चित्र तेवढं सरकवून द्यायचं.

लेन्स, आवाज, मळमळ, उपयोग हे विषय मुद्दाम मोकळे सोडतोय. विचारा, लिहा.

---

सायली

सुंदर लेख, वाचनखूण साठवली. मळमळीबद्दल माझा प्रश्न आहे. आईला एका मॉलमध्ये हलत्या खुर्चीवर बसवून रोलर कोस्टर दाखवला होता. उतरल्यावर तिला उभंच राहवेना, संध्याकाळपर्यंत डोकं जड. तिला गाडी लागते, पण एवढं कधी झालं नव्हतं. तुम्ही म्हणता तो उशीर, तेच कारण का?

---

आडवाटेचा

@सायली, उशीर हे एक कारण असू शकतं, पण रोलर कोस्टर हा मुळात चुकीचाच निवडलेला प्रकार आहे. डोळे सांगतात आपण जोरात खाली चाललोय, कानाच्या आतली तोल सांभाळणारी नळी सांगते आपण बसलोय. खुर्ची थोडी हलली म्हणून ही तफावत भरून निघत नाही, कधी वाढतेही. हेडसेट कितीही उत्तम असला तरी असा खेळ पहिल्यांदाच कुणाला, त्यातही गाडी लागणाऱ्या माणसाला दाखवू नये असं मी ठामपणे म्हणेन.

कान आणि डोळे किती घट्ट बांधलेले आहेत ते आत्ताच करून बघा. फोन स्थिर धरा आणि 'नाही नाही' म्हणताना हलवतो तशी मान डावी-उजवीकडे हलवत हीच ओळ वाचा. वाचता येते. आता मान स्थिर ठेवून फोन तेवढ्याच वेगाने हलवा. अक्षरं फिसकटतात. मान हलली की आतल्या कानाकडून निरोप जातो आणि साधारण १० मिलिसेकंदांत डोळे उलट फिरून नजर जागेवर ठेवतात. व्हीआरला या यंत्रणेच्या बरोबरीने चालावं लागतं.

म्हणूनच बऱ्याच चांगल्या खेळांत चालायला कंट्रोलरवरची काठी ढकलायची नसते. लांबच्या जागेवर नेम धरायचा, बटण सोडलं की थेट तिथे पोचायचं. मधला प्रवास डोळ्यांना दाखवायचाच नाही. आईंना पुन्हा दाखवायचा झाला तर बसून, स्थिर दृश्य, आणि जराही अस्वस्थ वाटलं की लगेच काढायचा. 'सवय होईल' म्हणून रेटू नका, त्याने त्रास वाढतो.

---

जर्सीकर

आमच्याकडे न्यू जर्सीत नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या अंकाबरोबर गूगल कार्डबोर्ड घरी आला होता. पुठ्ठा घडी घालून, दोन भिंगं, मध्ये फोन सरकवायचा. मुलं पंधरा मिनिटं नाचली आणि नंतर तो खोका माळ्यावर गेला. मान वळवली की चित्र वळायचं, म्हणजे तुमची मुख्य अट पूर्ण होत होती. मग तरी मन का रमलं नाही?

---

आडवाटेचा

@जर्सीकर, कारण अर्धीच अट पूर्ण होत होती. फोनला वळणं कळायचं, सरकणं कळायचं नाही. आमच्याकडे याला थ्री डॉफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे हालचालीचे तीन प्रकार) म्हणतात: मान वर-खाली, डावी-उजवीकडे, आणि खांद्याकडे कलणं. पुढे-मागे, बाजूला, उठ-बस हे आणखी तीन जोडले की सिक्स डॉफ. कार्डबोर्डमध्ये एखाद्या वस्तूकडे वाकून पाहायला गेलात की अख्खं जग तुमच्याबरोबर पुढे सरकायचं. मेंदूला तेवढ्यावरून कळतं की हे चित्र आहे. ३६० अंशांचे व्हिडिओ आजच्या महाग हेडसेटमध्ये पाहिले तरी हेच होतं, कारण कॅमेरा एकाच जागी उभा राहून चित्रण करतो.

पण कार्डबोर्डचं ऋण मी मानतो. साध्या पुठ्ठ्यामुळे लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा असं काही पाहिलं.

---

निरंजन

मी नाशिकला ऑप्टोमेट्रिस्ट आहे. लेन्सचा विषय मोकळा ठेवलाय म्हणून लिहितो.

पडदा डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर असतो. इतक्या जवळचं डोळ्याला स्पष्ट दिसतच नाही. मधली लेन्स प्रकाशकिरण असे वळवते की ते दीड-दोन मीटरवरून येताहेत असं डोळ्याला वाटतं. याचा व्यवहारातला परिणाम लोकांना उलटा वाटतो. ज्यांना फक्त चाळिशीचा, म्हणजे वाचायचा चष्मा आहे, त्यांना हेडसेटमध्ये तो सहसा लागत नाही. ज्यांचा मायनस नंबर आहे त्यांना मात्र लागतो, पडदा नाकाजवळ असूनही. चष्मा आत घालत असाल तर सोबत येणारी स्पेसरची चौकट जरूर बसवा, नाहीतर चष्म्याची काच लेन्सला घासते आणि ओरखडे दोन्हीकडे पडतात.

दुसरं, दोन बाहुल्यांमधलं अंतर. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसागणिक फरक मोठा. क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच खाचा आहेत. सायलीताईंच्या आईंना त्रास झाला तेव्हा हे अंतर कुणी जुळवलं होतं का, मला शंका आहे. एकच हेडसेट रांगेतल्या प्रत्येकाच्या डोक्यावर चढवतात तिथे हे कुणी बघत नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर काढताना पीडी, म्हणजे हेच अंतर, मोजतातच, तो आकडा लिहून मागून घ्या.

तिसरं, डोळ्यांचा थकवा. जवळची वस्तू बघताना दोन्ही डोळे आत वळतात आणि आतलं भिंगही जवळचा फोकस धरतं. या दोन गोष्टी जन्मभर जोडीने होतात. व्हीआरमध्ये फुलपाखरू नाकासमोर आलं तर डोळे आत वळतात, फोकस मात्र दोन मीटरवरच ठेवावा लागतो. ही ओढाताण आजच्या जवळपास सर्व हेडसेटमध्ये आहे. म्हणून आतल्या वस्तू हाताच्या अंतराहून जवळ आणून फार वेळ न्याहाळू नयेत.

मुलांबद्दल: मेटाने २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखाली वयोमर्यादा १३ वरून १० वर आणली. मी स्वतः पालकांना घाई करू नका असंच सांगतो. लहान मुलाच्या बाहुल्यांमधलं अंतर त्या खाचांमध्ये बसतच नाही, आणि त्याला धूसर दिसतंय हे ते सांगतही नाही.

---

आडवाटेचा

@निरंजन, मनापासून आभार. एक भर घालतो. लेन्समुळे चित्राच्या कडा आत ओढल्यासारख्या दिसतात, म्हणून आम्ही पडद्यावर चित्र आधीच त्याच्या विरुद्ध, पिंपासारखं फुगवून काढतो. लेन्समधून गेल्यावर ते सरळ होतं. लाल, हिरवा, निळा हे रंग लेन्समध्ये कमी-जास्त वळतात, त्यामुळे प्रत्येक रंगाचं फुगवणंही वेगळं.

---

रानवारा

माझा एक डोळा लहानपणापासून आळशी आहे. थ्रीडी सिनेमाचा चष्मा लावून मला कधीच काही पुढे आल्याचं दिसलं नाही, मैत्रिणी ओरडायच्या आणि मी नुसती बसून राहायचे. तेव्हा व्हीआर आपल्यासाठी नाहीच असं धरून चालले होते. पण लेखातलं सदरलँडचं म्हणणं वाचून विचारावंसं वाटलं. माझ्यासारख्यांना काही दिसेल का?

---

आडवाटेचा

@रानवारा, दिसेल, आणि बरंच दिसेल. खोली कळण्याचा दोन डोळे हा एक मार्ग झाला. डोकं बाजूला सरकवलं की जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, त्यावरूनही मेंदू अंतर काढतो, आणि त्याला एक डोळा पुरतो. तुम्ही रोज रस्ता ओलांडता, कपात चहा ओतता, त्यात हेच चालू असतं. सिनेमात तुम्ही कितीही हललात तरी चित्र बदलत नाही, म्हणून तिथे तुमच्या हाती काहीच लागत नव्हतं. फक्त सिक्स डॉफ हेडसेट घ्या आणि नुसतं बघत बसू नका, वस्तूच्या बाजूने डोकं फिरवा.

---

चाकणकर

आमच्या कारखान्यात नवीन मुलांना स्प्रे पेंटिंग शिकवायला व्हीआर वापरतात. गन खरीच असते, वजन तेच, ट्रिगर तोच, फक्त तिला ट्रॅकर लावलेला. समोर हेडसेटमध्ये दरवाजाचा पत्रा दिसतो. मुलगा हात फिरवतो आणि मारून झालं की थर कुठे जाड, कुठे पातळ ते रंगांच्या पट्ट्यांत दिसतं. बहुतेक नवीन पोरं मनगट वळवतात, त्यामुळे मधे थर जाड आणि कडेला पातळ. हात पत्र्याला समांतर न्यायचा हे तोंडाने कितीही सांगा, स्वतःचा पट्टा बघितल्याशिवाय पटत नाही. रंग वाया जात नाही, थिनरचा वास नाही.

पण उंचीवर काम करायच्या ट्रेनिंगबद्दल माझं मत वेगळं आहे. हेडसेटमध्ये खाली बघून भीती वाटते हे खरं, पाय अक्षरशः थरथरतात. पण हार्नेसचा पट्टा मांडीला कसा काचतो, हुक अडकल्याचं हाताला कसं कळतं, ते त्यात येत नाही. ते शेवटी खऱ्या मचाणावरच शिकवावं लागतं. नुसतं व्हीआरचं सर्टिफिकेट घेऊन कुणाला वर चढवू नये.

---

स्वगत

चाकणकरांनी पाय थरथरण्याचं लिहिलंय त्यावरून. तीच गोष्ट उपचारात कामी येते. उंचीच्या भीतीवर बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. काचेची लिफ्ट, पादचारी पूल, बाल्कनी, सगळं आभासी, आणि रुग्ण एकेक पायरी चढत भीतीला सामोरा जायचा. तेव्हाची चित्रं अगदी ढोबळ होती, तरी भीती खरी वाटायची आणि कमीही व्हायची. वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाचं जग बनवलं. जखमेची पट्टी बदलताना रुग्ण बर्फाच्या दरीतून जात गोळे फेकत असतो. वेदनेकडे द्यायला मेंदूकडे लक्षच कमी उरतं. मी मानसोपचाराच्या क्षेत्रात आहे म्हणून आवर्जून सांगते, भीतीवरचे असे उपचार तज्ज्ञाच्या सोबतीनेच घ्यावेत, घरी उंच इमारतीचं ॲप लावून नव्हे.

एक काळजीही मांडते. घरात चार कॅमेरे चालू, काहींत तर नजर कुठे आहे तेही टिपलं जातं. माणूस कशाकडे किती वेळ बघतो ही फार खासगी गोष्ट आहे.

---

आडवाटेचा

@स्वगत, काळजी अगदी रास्त. नजर टिपण्याचं तांत्रिक कारण चांगलं आहे: डोळ्याला बारकावे फक्त मधल्या दोनेक अंशांत दिसतात, म्हणून तिथलंच चित्र बारकाईने काढायचं आणि बाकीचं ढोबळ. २०२३ च्या प्लेस्टेशन व्हीआर २ मध्ये हे आहे. पण ही माहिती हेडसेटच्या बाहेर जाता कामा नये आणि परवानगी खेळागणिक वेगळी मागितली गेली पाहिजे. घेताना सेटिंगमध्ये जाऊन हे पाहायचंच.

---

देवगडचा हापूस

+१, उत्तम धागा. थोडं अवांतर: आवाजाचं काय? आणि घ्यायचा झाला तर अक्षरं वाचण्याइतकं स्पष्ट दिसतं का? मला त्यात ऑफिसचं काम करायचंय.

---

आडवाटेचा

@देवगडचा हापूस, आवाज अवांतर कसा, तो निम्मं काम करतो. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, शिवाय डोक्याच्या आणि कानाच्या पाळीच्या आडोशाने त्याचा पोतही बदलतो. हेडसेट हे दोन्ही गणिताने घडवतो आणि मान वळली की लगेच बदलतो. मागे दार वाजलं की माणूस खरोखर मागे वळतो.

स्पष्टतेचं सांगायचं तर निरोगी डोळा एका अंशात ६० ठिपके वेगळे ओळखतो. क्वेस्ट ३ साधारण २५ देतो. मोठ्या अक्षरांचं काम आरामात होतं, दिवसभर एक्सेलच्या बारीक चौकटी नको वाटतील. घ्यायच्या आधी कुणाकडे तरी लावून बघाच. आणि घरी आणल्यावर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: गॅलरीत, खिडकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर लेन्स वर करून ठेवू नका. ऊन लेन्समधून थेट पडद्यावर एकवटतं आणि थोड्याच वेळात कायमचा डाग पडतो. तो दुरुस्त होत नाही.

---

रानवारा

भाच्याकडे क्वेस्ट २ होता, लावून पाहिला. टेबलावर एक कंदील होता, त्याच्या भोवती डोकं फिरवलं तर मागची मूठ दिसली आणि कंदील टेबलापासून सुटून उभा राहिला! उजवा डोळा मिटला तरी तसाच. खूप वेळ त्याच कंदिलाभोवती फिरत होते, भाचा वैतागला. @निरंजन, माझी पीडी ६० आहे, ५८ च्या खाचेत ठेवू की ६३ च्या?

---

निरंजन

ताई, ५८. आणि हेडसेट वर-खाली सरकवून अक्षरं सर्वांत ठळक दिसतील तिथे पट्टा आवळा. आळशी डोळ्यासाठी व्हीआरचा व्यायाम म्हणून काही ॲप सुचवली जातात, ती मात्र तुमच्या नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.